रडकी नाही, चिडकी

मी तिच्या फिल्मला पियानो लावला. इथूनच सुरू करते, कारण बाकीचं सगळं त्या एका गाढवपणावरून सुचलंय.

झालं असं की मागे एका ऑनलाइन वर्कशॉपमध्ये मी एडिटिंगला मदत करायला होते. पाच देशांतली मुलं, सगळ्यात लहान १३ वर्षांचा, सगळ्यात मोठी १९ ची, आणि काम एवढंच की प्रत्येकाने आपल्याला जवळचा वाटेल असा एक हक्क निवडायचा आणि मोबाइलवर एक मिनिटाची फिल्म करायची. मेंटॉर वगैरे म्हणायचे आम्हाला, पण खरं काम म्हणजे कोणाचा आवाज फाटतोय, कोणी फोन आडवा धरायचा तो उभा धरलाय, कोणाचं एक्सपोर्ट ९९ टक्क्यांवर येऊन अडकलंय, हे बघत बसणं. कॉलवर कोणी अर्धवट झोपेत जांभया देतंय तर कोणी शाळेला निघायच्या आधी दात घासता घासता जॉइन झालंय, आणि इंग्लिश सगळ्यांचंच आपापल्या परीने मोडकं, माझ्यासकट, त्यामुळे निम्मं बोलणं हातवारे आणि स्क्रीनशॉटवर चालायचं.

त्यात एक १५ वर्षांची मुलगी होती. तिने काय केलं, फोन पुस्तकांच्या कप्प्यात टेकवून ठेवला, कॅमेरा तिच्या खोलीच्या दाराकडे, आणि बास. एका मिनिटात ते दार ११ वेळा उघडतं. कोणीही टकटक करत नाही. कधी नुसता हात येतो आणि चार्जर घेऊन जातो, कधी अर्धा खांदा आत येऊन विचारतो काय चाललंय, कधी कोणी काही बोलतच नाही, फक्त डोकावतं आणि दार उघडं टाकून निघून जातं, आणि ती दर वेळी उठून ते लावते. शेवटी ती उठते, दाराशी जाते, आतून टकटक करते, दोन सेकंद थांबते आणि मग स्वतःच्याच खोलीतून बाहेर पडते. संपली फिल्म.

तिचा लॅपटॉप सारखा हँग होत होता म्हणून तिने क्लिप्स मला पाठवल्या आणि म्हणाली तू फक्त जोडून दे. मी जोडल्या. मग वाटलं आवाज फार कडकड येतोय दाराचा, तो कमी केला. मग वाटलं आता जरा रिकामं वाटतंय, म्हणून खाली एक हळुवार पियानो टाकला, तो असतो ना, एक एक सूर लांबवत जाणारा, ऐकलं की आपोआप डोळे भरून यावेत असा. रंग जरा निळसर केले. मला तर फार आवडली ती फिल्म. पाठवून दिली.

तिचा मेसेज आला, मराठीत सांगायचं तर, ‘ही फिल्म रडकी नाहीये. चिडकी आहे. माझं दार परत दे.’

दार म्हणजे दाराचा आवाज.

मला आधी राग आला (एवढ्या रात्री बसून केलं होतं फुकटात!) आणि मग दोन दिवस तेच डोक्यात फिरत राहिलं की माझा हात पियानोकडेच का गेला. दुसरं काहीही लावता आलं असतं, काहीच न लावताही चाललं असतं. उत्तर फार अवघड नाहीये. ‘मुलांचे हक्क’ म्हटलं की मोठ्यांनी बनवलेल्या ज्या शंभरेक फिल्म मी आजवर बघितल्यात त्या सगळ्यांत तो पियानो आहे. मोठे डोळे, स्लो मोशन, गालावरून ओघळणारा एक थेंब, शेवटी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. हा एक साचाच झालाय आणि तो माझ्या बोटांत इतका मुरलाय की मुलीने संताप हातात दिला तरी मी त्याचं दुःख करून टाकलं.

आणि हा साचा कालपरवाचा नाहीये बरं का. एग्लंटाइन जेब नावाच्या बाईंबद्दल वाचत होते, सेव्ह द चिल्ड्रन ही संस्था सुरू करणाऱ्यांपैकी त्या एक. पहिलं महायुद्ध थांबलं तरी ब्रिटन वगैरे देशांनी नाकेबंदी चालूच ठेवली होती आणि तिकडे ऑस्ट्रिया-जर्मनीत मुलं उपाशी मरत होती. १९१९ मध्ये लंडनच्या ट्रफाल्गर स्क्वेअरमध्ये या बाईंनी पत्रकं वाटली, त्यावर उपासमारीने खंगलेल्या एका ऑस्ट्रियन बाळाचा फोटो, आणि त्याबद्दल त्यांना अटक झाली, दंडही झाला. म्हणजे मुलांच्या हक्कांची आजची जी चळवळ आहे तिच्या अगदी सुरुवातीलाच एक फोटो आहे, मोठ्यांनी काढलेला, मोठ्यांना दाखवायला, मोठ्यांच्या मनाला पाझर फुटावा म्हणून. आणि तो फुटला, पैसे जमले, मुलं वाचली. त्यामुळे त्या साच्याला मी सरसकट नावं ठेवू शकत नाही. उपाशी बाळाला काय फायनल कट (म्हणजे शेवटी काय दिसणार हे ठरवायचा अधिकार) हवाय का असं कोणी विचारलं तर गप्प बसावं लागेल.

याच जेबबाईंनी मग १९२३ मध्ये पाच मुद्द्यांचा एक छोटासा जाहीरनामा लिहिला आणि १९२४ मध्ये राष्ट्रसंघाने (संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संघटना) तो जिनिव्हात स्वीकारला. तो वाचताना मला गंमत वाटली ती त्यातल्या क्रियापदांची. भुकेल्या मुलाला खायला द्यावं, आजारी मुलाची शुश्रूषा करावी, अनाथाला आसरा द्यावा. सगळीकडे मुलाला, मुलाची, मुलासाठी. मूल स्वतः काही करतंय असं त्यात जवळपास नाहीच, त्याच्यासाठी करणारे सगळे मोठे.

मूल बोलतंय हे करारात यायला त्यानंतर ६५ वर्षं लागली. २० नोव्हेंबर १९८९ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्क करार मंजूर केला, ५४ कलमं आहेत त्यात, आणि १९६ देश त्यात सामील आहेत (अमेरिकेने १९९५ मध्ये सही केली पण मंजुरी अजून दिलेली नाही, तो एक वेगळाच किस्सा). बाराव्या कलमात म्हटलंय की ज्याला आपलं मत बनवता येतं अशा प्रत्येक मुलाला, त्याच्याशी संबंधित सगळ्या बाबतींत ते मत मोकळेपणाने मांडायचा हक्क आहे, आणि वय आणि समज बघून त्या मताला योग्य ते वजन द्यायचं. पुढच्याच तेराव्यात ते मांडायची साधनं आलीत, बोलून, लिहून, छापून, कलेतून किंवा मुलाला हव्या त्या कुठल्याही माध्यमातून. ‘हव्या त्या’ हे मुलाने ठरवायचंय. १९८९ मध्ये प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असेल असं कोणाच्या स्वप्नातही नसणार, पण वाक्य असं लिहून ठेवलंय की मोबाइलवरची एक मिनिटाची फिल्म त्यात आरामात बसते.

या कराराची मूळ कल्पना पोलंडने १९७८ मध्ये मांडली होती, आणि पोलंड म्हटलं की यानुश कोर्चाकचं नाव घ्यावंच लागतं. डॉक्टर माणूस, वॉर्सात ज्यू मुलांचं अनाथाश्रम चालवायचा. तिथे मुलांचं स्वतःचं कोर्ट होतं ज्यात मुलं मोठ्यांवरही तक्रार करू शकायची, आणि खुद्द कोर्चाकवर पण त्या कोर्टात खटले झालेत. मला त्याहून भारी वाटतं ते त्याचं वर्तमानपत्र. १९२६ मध्ये त्याने एका ज्यू दैनिकाची साप्ताहिक पुरवणी म्हणून मुलांचं पत्र सुरू केलं, नावाचा अर्थ ‘छोटा आढावा’, आणि त्यात लिहिणारी मुलंच. देशभरातून मुलांची पत्रं यायची, घरातली भांडणं, शाळेतले अपमान, वाढदिवस, मास्तरांचा पक्षपात, सगळं छापून यायचं. १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि ते बंद पडलं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये नाझींनी आश्रमातल्या मुलांना ट्रेब्लिंकाच्या मृत्यूछावणीत नेलं, कोर्चाक त्यांना सोडून गेला नाही, तोही त्यांच्याबरोबरच मारला गेला. त्याच्याबद्दल सांगताना लोक बहुतेक वेळा हा शेवटच सांगतात, आणि ते साहजिक आहे, पण मला राहून राहून त्या पुरवणीचाच विचार येतो. तेरा वर्षं दर आठवड्याला मुलांच्या किरकोळ कुरबुरी छापणं ही फार चिकाटीची गोष्ट आहे.

कारण हेच तर आम्हाला वर्कशॉपमध्ये दिसलं, की खरा माल कुरबुरीत असतो.

पहिल्या आठवड्यात मुलांनी ज्या आयडिया पाठवल्या त्या बघून मी डोक्याला हात लावला होता. जवळपास सगळ्यांची बालमजुरी नाहीतर भूक नाहीतर युद्ध. चांगल्या घरातली, कधी एक दिवस मजुरी न केलेली मुलं, फाटका शर्ट घालून भावाला विटा उचलायला लावणार होती! दोन आयडियांमध्ये रिकामा झोपाळा होता, एकीत मातीत पडलेली बाहुली. तिघांच्या फिल्म ‘आणि मग तो झोपेतून जागा होतो’ वर संपत होत्या. आणि संगीताच्या रकान्यात काय लिहिलं होतं ओळखा. सॅड पियानो. म्हणजे ‘मुलांनी केलं की आपोआप खरं होतं’ हा जो एक भाबडा समज असतो ना, तो तिथेच निकालात निघाला. मुलांनीही आपल्याच फिल्म बघितल्यात, परीक्षकांना काय आवडतं हे त्यांना पक्कं माहितीये, आणि परीक्षेत येणारं उत्तर लिहायची सवय तर शाळेने लावलेलीच असते.

मग आमच्यातल्या एकाने सगळ्यांना एकच प्रश्न टाकला, ‘हे बरोबर नाही’ असं तू शेवटचं कधी म्हणालास? कोणाला, कुठे, किती वाजता? हक्क हा शब्दच वापरायचा नाही. आणि जी काय उत्तरं आली!

एकीने लिहिलं, आईने माझा झोपेतला फोटो न विचारता टाकला आणि खाली ओळखीतल्या ४० जणांच्या कमेंट आल्या. एकाने लिहिलं, शाळेच्या टॉयलेटला कडी नाही म्हणून मी दिवसभर पाणी पीत नाही. एकाने फक्त ‘झोप’ एवढंच लिहिलं, शाळा, क्लास, होमवर्क, परत पहाटे क्लास, आणि तो कलम शोधायला गेला तेव्हा त्याला कळलं की ज्या ३१व्या कलमाला सगळे खेळाचं कलम म्हणतात त्यात पहिला शब्द विश्रांती आहे, खेळ त्यानंतर येतो. प्रचंड खूश झाला. घरी प्रिंट काढून लावणार म्हणाला, लावलं की नाही माहीत नाही. आणि ही दारवाली, तिचं १६वं कलम, खासगीपणाचं.

पण मला सगळ्यात जास्त हलवून सोडलं ते एका १४ वर्षांच्या मुलाच्या फिल्मने. त्याचे आईवडील दुसऱ्या देशात जाऊन राहिलेत, तिथली भाषा त्यांना येत नाही, याला शाळेमुळे येते. त्यामुळे बँक, सरकारी ऑफिस, घरमालक, दवाखाना, सगळीकडे हाच दुभाषा. फिल्ममध्ये पडदाभर फक्त एक तोंड दिसतं, नाकापासून हनुवटीपर्यंत. मागून डॉक्टरचा आवाज येतो, खाली सबटायटल येतं, तपासणीत जे निघालंय ते काही ठीक नाही. तोंड मिटलेलंच राहतं. मग तो त्याच्या भाषेत आईला काहीतरी सांगतो, आणि सबटायटल येतं, ‘डॉक्टर म्हणतायत थोडा आराम कर.’ आईचा आवाज येतो, एवढंच म्हणाले का? तो म्हणतो, हो. कट.

प्रसंग त्याने रचलेला होता, डॉक्टरचा आवाज त्याच्या मामाचा. तरीपण. आणि गंमत म्हणजे ही गोष्ट फक्त सबटायटलमुळे जमलीये, कारण बघणाऱ्याला दोन्ही भाषा कळतायत आणि त्या खोलीतल्या मोठ्यांना एकेकच. फॉर्ममध्ये ‘कलम क्रमांक’ असा एक रकाना होता. तो विचारत होता काय लिहू. आम्ही मोठे लोक लागलो डोकं खाजवायला, एक म्हणे तिसरं लिही मुलाच्या हिताचं, दुसरी म्हणे ३१, एक म्हणे आरोग्याचं २४वं. १५ मिनिटं चर्चा. शेवटी तो म्हणाला मी रिकामं ठेवतो.

अशा कामाला एक मोठी परंपरा आहे हे मला वर्कशॉपच्या निमित्तानेच नीट कळलं. ॲमस्टरडॅममध्ये वन मिनिट्स नावाचं एक प्रकरण १९९८ मध्ये सुरू झालं, बरोबर ६० सेकंदांच्या फिल्म करायच्या, एवढीच अट. २००२ मध्ये त्याचीच धाकटी पाती निघाली, वनमिनिट्स ज्युनिअर, युनिसेफ आणि युरोपियन कल्चरल फाउंडेशन यांच्या जोडीने, १२ ते २० वयाच्या मुलांसाठी. पूर्व युरोप, कॉकेशस, मध्य आशिया, तिकडच्या देशांत थोड्या दिवसांचे वर्कशॉप घ्यायचे, मुलांना कॅमेरा हाताळायला शिकवायचं, आणि जाताना प्रत्येकाची एकेक फिल्म तयार. दुसरं प्लुरल प्लस, २००९ पासूनचं, संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्थांचं, ते स्थलांतर आणि वेगवेगळ्या लोकांनी एकत्र राहणं या विषयावर, त्यात २५ वर्षांपर्यंतच्या मुलांनी पाच मिनिटांपर्यंतची फिल्म पाठवायची. त्याच्याही आधी नव्वदच्या दशकात युनिसेफने देशोदेशीच्या ॲनिमेशन स्टुडिओंकडून ३० सेकंदांचे कार्टून करून घेतले होते, एकेका हक्कावर एकेक, शब्दच नाहीत म्हणजे कुठेही लावा. कामं सुंदर आहेत त्यातली काही. पण ती मोठ्यांनी मुलांच्या वतीने केलेली, त्यामुळे बघताना मला कायम कोणाचा तरी मऊ हात डोक्यावरून फिरतोय असं वाटतं.

६० सेकंद हे बंधन मात्र मला फार आवडतं. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर १५०० फ्रेम होतात, बास, तेवढ्यात काय सांगायचं ते सांग. तेवढ्या वेळात कोणाला भाषण देता येत नाही, मोठ्यांना आवडणारा ‘चला आपण सगळे मिळून’ वाला शेवट बसवायला जागाच उरत नाही. आणि मुलांचे शॉट्स! १३ वर्षांच्या त्या पोराने फोन छातीशी धरून सगळं शूट केलं होतं, त्यामुळे त्याच्या फिल्ममधल्या मोठ्या माणसांना डोकीच नाहीत. पोट, पट्टा, हलणारं बोट, आणि वरून कुठूनतरी येणारा आवाज. आमच्यातला एक त्याला म्हणाला फ्रेमिंग चुकलंय. अहो कसलं चुकलंय, त्याला रोज जे दिसतं ते तसंच दिसतं!

आता फायनल कटबद्दल. १९६७ मध्ये कॅनडात न्यूफाउंडलंडजवळच्या फोगो बेटावर एक प्रयोग झाला होता. मासेमारीवर जगणारं बेट, धंदा बसलेला, सरकार म्हणत होतं उठा आणि दुसरीकडे जाऊन राहा. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाचा कॉलिन लो हा दिग्दर्शक तिथे गेला, लोकांशी बोलून छोट्या छोट्या फिल्म केल्या आणि त्या आधी त्याच लोकांना दाखवल्या. ज्याला आपलं बोलणं नको वाटलं त्याने सांगायचं, काढून टाकलं जाईल. मग एका भागातल्या लोकांची फिल्म दुसऱ्या भागात दाखवली, मग सरकारी माणसांना दाखवली. बेटावरच्यांनी स्वतःची मच्छीमार सहकारी संस्था उभी केली आणि बेट रिकामं झालं नाही. सगळं श्रेय फिल्मला देणं बालिशपणा होईल, पण ‘ज्याची गोष्ट त्याने आधी बघायची आणि नको ते काढायचं’ ही जी साधी पद्धत तिथे पडली तिच्यावर पुढे अशा कामाची एक शाखाच उभी राहिली. आणि मी २०० मेगाबाइटची फाइल पोरीला न दाखवता थेट वर्कशॉपच्या फोल्डरमध्ये टाकून मोकळी झाले होते. तिला लिंक नंतर पाठवली. हे वर सांगायचं राहिलं होतं, म्हणजे मुद्दामच राहिलं होतं.

रॉजर हार्ट नावाच्या अभ्यासकाने १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिताना मुलांच्या सहभागाची एक शिडी काढली होती, आठ पायऱ्यांची (मूळ कल्पना शेरी अर्नस्टाइन या बाईंची, १९६९ ची, ती मोठ्या नागरिकांबद्दल होती). खालच्या तीन पायऱ्या म्हणजे सहभागच नाही असं तो म्हणतो, मुलांना वापरून घेणं, शोभेला ठेवणं आणि नावापुरतं पुढे करणं. शोभेचं उदाहरण तर आपण सगळ्यांनी बघितलंय, कार्यक्रमाचा टी-शर्ट घालून मुलं स्टेजवर नाचतात आणि कार्यक्रम कशाबद्दल आहे हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. सगळ्यात वरची पायरी मात्र लोक विसरतात. ती ‘मुलं एकटीच सगळं करतात’ अशी नाहीये, मुलांनी सुरू केलेलं काम आणि निर्णयात मोठेही सोबत, अशी आहे. म्हणजे मी एडिटिंग करूच नये असं कोणी म्हणत नाहीये. दाराचा आवाज खूपच फाटत होता हे मी तिला सांगायलाच हवं होतं, ते माझं काम. सांगायचं आणि विचारायचं, एवढं.

यात एक गोची आहे आणि ती मी अजून पूर्ण सोडवू शकलेले नाही. बोलायचा हक्क आणि लपायचा हक्क एकाच मुलाचे असतात. १५व्या वर्षी चिडून केलेली फिल्म २५व्या वर्षी नोकरीच्या मुलाखतीआधी कोणीतरी शोधून काढेल. म्हणून आम्ही ठरवलं होतं की चेहऱ्याऐवजी हात, सावली, बूट, पाठ, भिंत. युनिफॉर्मवरचा शाळेचा बिल्ला दिसला तरी शॉट बाद, मागे रस्त्याच्या नावाची पाटी आली तरी बाद. दुभाषा मुलाचं तोंड कसं चालेल यावर बराच वाद झाला, शेवटी त्याने दुसऱ्याच मित्राचं तोंड वापरलं आणि आवाज स्वतःचा. गंमत म्हणजे बंधनं घातल्यावर फिल्म सुधारल्या, कारण रडणारा चेहरा दाखवायची सोयच उरली नाही, मग दुसरं काहीतरी शोधावं लागलं. २०२१ मध्ये बालहक्क समितीने (बालहक्क करारावर लक्ष ठेवणारी संयुक्त राष्ट्रांची समिती) डिजिटल जगाबद्दल एक सविस्तर भाष्य काढलं, ते लिहिण्याआधी २८ देशांतल्या ७०० वर मुलांशी बोलणं झालं होतं, त्यातही खासगीपणाचा धडा चांगला लांबलचक आहे.

आणि दारवालीच्या फिल्ममध्ये तर इतर माणसंही होती. तिच्या घरच्यांचे हात, खांदे. आम्ही म्हटलं त्यांना विचारावं लागेल. तिने विचारलं. भाऊ म्हणाला माझा हात विचित्र दिसतोय, परत घे. आजीची तक्रार की मी अर्धीच का. आईने बघितली, काही बोलली नाही, आणि चालेल म्हणाली. त्या ‘चालेल’ मध्ये काय काय होतं ते त्या दोघींनाच माहीत.

फिल्म नंतर एका ऑनलाइन कार्यक्रमात दाखवल्या गेल्या. मोठी माणसं बोलली, बराच वेळ बोलली, किती सेन्सिटिव्ह, किती मॅच्युअर वगैरे. एकानेही विचारलं नाही की कडी बसली का. बाराव्या कलमावर २००९ मध्ये समितीने जे भाष्य लिहिलं त्यात मुलांना सहभागी करून घेण्यासाठी नऊ अटी दिल्यात, त्यातली शेवटची अशी की त्यांनी जे सांगितलं त्याचं पुढे काय झालं हे त्यांना परत येऊन सांगायचं. हीच अट सगळे गाळतात. आम्हीही गाळली, कार्यक्रम झाला, सर्टिफिकेटं मेल केली, संपलं. टॉयलेटच्या कडीवाल्या मुलाने दोन महिन्यांनी स्वतःहून मेसेज केला होता, आमची फिल्म कोणी बघितली? माझ्याकडे आकडा होता, १८३ व्ह्यूज. तो त्याला सांगितला. तो म्हणाला, आमच्या शाळेतल्या कोणी? ते मला सांगता आलं नाही.

पियानोचं राहिलं. दुसऱ्या दिवशी मी तिला तिचं दार परत दिलं, मूळ आवाज, आहे तसा, कडकड. निळा रंग काढला. मग तिने स्वतः बसून अजून एक गोष्ट केली जी मला सुचली नसती, शेवटची जी आतून टकटक आहे ना, तिच्या आधी अर्धा सेकंद सगळा आवाज बंद केला. पंख्याचासुद्धा. त्यामुळे ती टकटक कानशिलात बसते.

माझ्याकडची जुनी फाइल डिलीट कर म्हणाली. मी केली, स्क्रीनशॉट पाठवला.

तिचा रिप्लाय, ‘ट्रॅशमधून पण?’

नव्हती केली.